बारा मैलांच्या अलीकडे आणि पलीकडे



कोकणात नारळी पौर्णिमा हा जितका सण आहे, तितकाच तो एक कायदाही होता. कुणी लिहिलेला नाही, कुठल्या राजपत्रात छापलेला नाही, पण किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. पावसाचे वारे सुटले, दर्या खवळला की होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, जाळी विणायला आणि दुरुस्तीला घ्यायची. श्रावणातल्या पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की मगच पुन्हा होडी पाण्यात लोटायची. त्यात श्रद्धा होती, जिवाची काळजी होती आणि एक व्यवहारी शहाणपणही होते. याच दिवसांत अनेक जातींचे मासे अंडी घालतात आणि पिलांना वाढायला अवधी मिळतो.

आज हा कायदा कागदावर आला आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर हीच बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना तिच्यातून सूट आहे. आता तिथी आणि तारीख यांचा मेळ पाहा. २०२३ मध्ये नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला होती, २०२५ मध्ये ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे बंदी संपते तेव्हा परंपरेने दर्या अजून बंदच असतो. बंदीची मुदत वाढवा, अशी मागणी अनेक मच्छीमार संस्था करतात ती यामुळेच. स्वतःच्या धंद्यावर बंधन वाढवून मागणारा असा दुसरा व्यवसाय क्वचितच सापडेल. ही माणसे असे का म्हणतात, हे समजून घेतले की आजचा आपला विषय निम्मा समजला.

एक समुद्र, दोन सरकारे

आधी समुद्राची वाटणी पाहू. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हा आपला प्रादेशिक समुद्र. तिथपासून पुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, आपले अनन्य आर्थिक क्षेत्र. भारताने १९७६ मध्ये कायदा करून हे क्षेत्र जाहीर केले आणि १९८२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याने जगभर ही कल्पना पक्की झाली. आपले हे क्षेत्र २० लाख चौरस किलोमीटरहून मोठे आहे. देशाच्या जमिनीच्या जवळजवळ दोनतृतीयांश एवढे पाणी आपल्या ताब्यात आहे.

मात्र या पाण्याचा कारभार एका हाती नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार मासेमारी हा राज्याचा विषय आहे आणि प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी हा केंद्राचा. त्यामुळे १२ मैलांच्या आत महाराष्ट्र सरकारचा नियम चालतो, बाहेर दिल्लीचा. माशाला ही रेषा ठाऊक नसते. बांगड्याचा थवा सकाळी १४ मैलांवर असतो आणि संध्याकाळी आठ मैलांवर येतो. रात्री बारा मैलांच्या आत जाळे टाकून पहाटे ‘मी बाहेरच होतो’ असे सांगणाऱ्या बोटीलाही ही रेषा फारशी अडवत नाही.

याला आणखी एक पदर आहे. शेजारच्या राज्याचे नियम वेगळे, बोटींची ताकद वेगळी. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर परप्रांतीय हायस्पीड ट्रॉलरविरुद्ध जो संताप वर्षानुवर्षे दिसतो, त्याचे मूळ इथे आहे. तो प्रांताप्रांतांचा वाद वाटतो, पण मुळात तो इंजिनांच्या ताकदीचा वाद आहे. गळाने किंवा छोट्या जाळ्याने मासळी धरणारा एकीकडे आणि काही तासांत समुद्राचा तळ खरवडून निघून जाणारा दुसरीकडे.

जाळे सांगते कोण किती घेणार

श्रोतेहो, मासेमारीचे अर्थशास्त्र जाळ्यात असते. म्हणून तीन-चार जाळी समजून घेऊ.

पालघर, वसई, मुंबईच्या किनाऱ्यावर डोल नावाचे जाळे आहे. समुद्राच्या तळात खुंट मारून मोठ्या पिशवीसारखे हे जाळे प्रवाहाच्या तोंडाला बांधतात. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचे पाणी जोराने वाहते आणि त्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी जाळ्यात येते. जाळे माशाचा पाठलाग करत नाही, मासा येण्याची वाट पाहते. खुंट कुठे मारायचे, कुणाची जागा कुठली, हे गावागावांत रिवाजाने ठरलेले असते. सातबारा नसला तरी समुद्रातली ही वहिवाटच आहे.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण आहे. होडीतून लांबलचक जाळे गोलाकार टाकून किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे आणि आलेली मासळी वाट्याने वाटून घ्यायची. रापण एकट्याची नसते, ती संघाची असते. मासे किनाऱ्याजवळ आले तरच ती चालते. खोल पाण्यात कुणी थवे आधीच उचलले, तर रापणकाराने कितीही दोर ओढला तरी हाती वाळूच यायची.

आता दुसरी बाजू. ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढत नेतात. कोळंबीसाठी ते आले. १९५० च्या दशकात नॉर्वेच्या मदतीने केरळमध्ये मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला, पुढे कोळंबीला परदेशात भाव आला आणि ट्रॉलर किनारपट्टीभर पसरले. त्यांच्या जाळ्यात कोळंबीबरोबर हाताच्या बोटाएवढी पिलेही येतात. ती ताटात येत नाहीत, भुकटीच्या कारखान्यात जातात.

आणि पर्ससीन. बांगडा-तारलीच्या थव्याभोवती मोठे जाळे फिरवायचे आणि खालचा दोर बटव्याच्या नाडीसारखा आवळायचा. एका फेरीत अख्खा थवा बोटीत. त्याला अलीकडे जोड मिळाली ती एलईडी दिव्यांची. रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावून दूरदूरचे मासे एका जागी खेचायचे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. बंदी असूनही काळोख्या रात्री किनाऱ्यावरून क्षितिजाकडे पाहिले तर दिव्यांची रांग दिसते, ही तक्रार मात्र थांबलेली नाही.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. पर्ससीनवाला किंवा ट्रॉलरवाला म्हणजे कुणी खलपुरुष नव्हे. त्यांतले कित्येक याच किनाऱ्यावरचे आहेत. बँकेचे कर्ज काढून, घर गहाण ठेवून त्यांनी बोट बांधली आहे. यांत्रिक नौका घ्या म्हणून एकेकाळी सरकारनेच अनुदान दिले होते. बोटीवरचे खलाशी तर बऱ्याचदा नेपाळमधून किंवा उत्तरेतून आलेले, घरदार सोडून आठ-नऊ महिने समुद्रावर राहणारे. कर्जाचा हप्ता महिन्याला येतो, मासा येतोच असे नाही. मग बोट जास्त वेळ, जास्त दूर, जास्त बारीक आसाचे जाळे घेऊन जाते. प्रश्न माणसांच्या हावेचा जितका आहे, तितकाच आपण उभ्या केलेल्या व्यवस्थेचा आहे.

नियम आहेत, राखणदार कुठे?

नियम नाहीत असे कुणी म्हणू नये. गोव्यात १९७० च्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरविरुद्ध मोठे आंदोलन केले. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते त्यातून पुढे आले आणि देशभरच्या मच्छीमार संघटना एकत्र येण्याची सुरुवात तिथे झाली. त्या काळातल्या संघर्षांमुळे गोवा आणि केरळने १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. किनाऱ्यालगतचे ठरावीक वाव खोलीचे पाणी ट्रॉलरला बंद झाले. केरळने १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलिंगबंदी आणली. केरळच्या प्रादेशिक समुद्रातल्या पर्ससीनबंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९९३ मध्ये न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. गरीब पारंपरिक मच्छीमाराची उपजीविका वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या धंद्यावर वाजवी बंधन घालता येते, हे तत्त्व त्या निकालाने मान्य केले.

महाराष्ट्राने डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढला. पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा चार महिन्यांपुरता मर्यादित झाला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत आणण्याचे ठरले. २०२१ मध्ये १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती झाली. पूर्वीचा दंड इतका किरकोळ होता की तो भरून पुन्हा समुद्रात जाणे परवडत असे. आता तो लाखांच्या घरात गेला. कारवाईचे अधिकारही तहसीलदारांकडून मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आले. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवले. त्याच वर्षी चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. या पापलेटची किमान लांबी १३५ मिलिमीटर हवी, त्याहून लहान धरू नये, विकू नये. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणीही सुरू झाली.

मग अडते कुठे? नियम समुद्रात मोडतो आणि त्याचा पुरावा किनाऱ्यावर मागितला जातो, तिथे अडते. मत्स्य विभागाची गस्ती नौका एखाद-दुसरी, तीही अनेकदा भाड्याची. तिच्या इंजिनाहून पळणाऱ्या बोटीचे इंजिन मोठे. पकडलेली बोट बंदरात आणली तर बंदरातले वातावरण तापते. आणि मासळी लिलावाच्या जागी आली की ती कुठे, कशी, कोणत्या जाळ्याने धरली, हे विचारणारे कुणी नसते.

याचा परिणाम काय होतो? जो नियम पाळतो त्याचेच नुकसान होते. सातपाटीच्या मच्छीमाराने लहान पापलेट पुन्हा पाण्यात सोडले आणि दुसऱ्या दिवशी तेच दुसऱ्याने धरून विकले, तर पुढच्या वेळी तो कशाला सोडील? संयम हा सामुदायिक असावा लागतो. एकट्याचा संयम म्हणजे दुसऱ्याला दिलेली देणगी.

आकडे आणि इशारे

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दर वर्षी किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नोंद करते. २०१९ मध्ये महाराष्ट्राची नोंद होती सुमारे दोन लाख टन, गेल्या ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांवर वादळे आली, बोटी बंदरातच राहिल्या, हे खरे. पण घसरण एवढी मोठी होती की सगळा दोष वाऱ्यावर टाकून मोकळे होता येत नाही. केरळची तारलीही पाहा. २०१२ मध्ये तिथे जवळजवळ चार लाख टन तारली उतरली होती, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांपेक्षाही कमी. पुढे ती पुन्हा वाढली. समुद्राचे तापमान, पाऊस, पिलांची मासेमारी अशी अनेक कारणे त्यात गुंतलेली आहेत. लहान मच्छीमाराला कारणांच्या वादात उसंत नसते. त्याची होडी दूर जाऊ शकत नाही. मासा त्याच्या पाण्यातून गेला की त्याचा धंदा गेला.

परदेशातला एक धडाही ऐका. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचा कॉड मासा म्हणजे न संपणारे भांडार, असे मानले जाई. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे सांगू लागले की मासा लहान होतोय, कमी होतोय. सरकारी गणिते मात्र वेगळे सांगत होती. जुलै १९९२ मध्ये कॉडच्या व्यापारी मासेमारीवर बंदी घालावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार एका फटक्यात गेला. ती बंदी उठवायला २०२४ उजाडले, ३२ वर्षे. मोठ्या जहाजांना दूरच्या पाण्यात मासा मिळत होता, तेव्हा धोका आधी कळला तो छोट्या होड्यांना. आपल्याकडे डोलकर, रापणकार जे सांगतात ते गाऱ्हाणे म्हणून ऐकले जाते. ते निरीक्षण म्हणून ऐकायला हवे.

बारा मैलांपलीकडे

आता बारा मैलांपलीकडे जाऊ. किनाऱ्याजवळ दाटी झाली, म्हणून खोल समुद्रात जा, असे तज्ज्ञ सांगतात. सरकारी अंदाजाप्रमाणे आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून वर्षाला सुमारे ५३ लाख टन मासळी काढता येईल आणि दूरच्या पाण्यातले ट्यूनासारखे मासे आपण फारसे धरतच नाही. सल्ला बरोबर आहे. पण खोल समुद्रात कोण जाणार?

१९९१ मध्ये केंद्राने याचे उत्तर दिले होते परदेशी कंपन्यांबरोबरचे संयुक्त प्रकल्प. देशातल्या मच्छीमारांनी त्याविरुद्ध १९९४ मध्ये देशव्यापी बंद पाळले. सरकारला पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. समितीने १९९६ मध्ये सांगितले की हे परवाने रद्द करा आणि खोल समुद्रासाठी आपल्याच मच्छीमारांना सक्षम करा. तरी परदेशी बनावटीच्या जहाजांना परवानगीपत्रे देण्याची वाट पुढे बरीच वर्षे खुली राहिली. ती योजना २०१७ मध्ये बंद झाली.

लहान मच्छीमाराला खोल समुद्र झेपत नाही, हा समज खोटा आहे. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तुत्तूर परिसरातले मच्छीमार स्वतःच्या मालकीच्या बोटींतून आठवडेच्या आठवडे अरबी समुद्रात राहतात आणि गळाने ट्यूना, मुशी धरतात. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तर काठी आणि गळ यांनी एकेक ट्यूना उचलण्याची जुनी पद्धत आजही चालते. तिथे जाळे नाही, पिलांची नासाडी नाही. अशा धंद्याला धोकाही मोठा आहे. २०१७ च्या ओखी वादळात दक्षिणेतले शेकडो मच्छीमार गेले. त्याच वादळात भरकटलेल्या ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा कळले की हे लोक इतक्या दूर येतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी नवे नियम जारी केले. यांत्रिक नौकांना आणि मोठ्या मोटारनौकांना प्रवेशपास घ्यावा लागेल, लहान पारंपरिक नौकांना त्यातून सूट आहे. सहकारी संस्था आणि मच्छीमार उत्पादक संस्थांना प्राधान्य आहे. एलईडी दिवे आणि दोन बोटींनी मिळून ओढायचे ट्रॉलिंग यांना मनाई आहे. कागदावर हे स्वागतार्ह आहे. मात्र सहकारी संस्था नावापुरती आणि पैसा कुणा बड्या कंपनीचा, असे होऊ नये, हे पाहावे लागेल. महाराष्ट्रात मच्छीमार सहकाराची परंपरा जुनी आहे. बर्फ, डिझेल, विक्री यांत संस्थांचा अनुभव आहे. खोल समुद्रात जायचे तर शीतगृहाची सोय, कमी व्याजाचे कर्ज, बिनतारी संपर्क आणि विमा एवढे त्यांच्या हाती द्यायला हवे. नाहीतर बारा मैलांच्या अलीकडे जे झाले तेच पलीकडे होईल.

करण्यासारखे

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, बोटीवरच्या यंत्राने तिचा ठावठिकाणा नोंदवणे. उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर देशातल्या एक लाख मासेमारी नौकांवर बसवण्याची योजना २०२४ मध्ये सुरू झाली. त्याचा मुख्य हेतू वादळात मच्छीमाराचा जीव वाचवणे हा आहे. पण कोणती बोट कुठल्या रात्री कुठल्या पाण्यात होती, हेही त्यातून कळू शकते. ती नोंद कारवाईसाठी वापरली तर ‘मी बाहेरच होतो’ या वाक्याला जागा उरणार नाही.

दुसरी, तपासणी समुद्राइतकीच बंदरावर व्हावी. समुद्र अफाट आहे, पण मासळी उतरण्याच्या जागा मोजक्या आहेत. लिलावाच्या ठिकाणी आकारमान मोजा, लहान पापलेट विकायला आले तर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्या व्यापाऱ्यालाही जबाबदार धरा.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, गावांना अधिकार द्या. २०१० च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावे आणि सुमारे ३ लाख ८६ हजार मच्छीमार लोकसंख्या आहे. कुठले पाणी कधी बंद ठेवायचे, कुठले जाळे चालवायचे, हे या गावांना मंत्रालयापेक्षा जास्त चांगले कळते. जपानमध्ये किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे हक्क स्थानिक सहकारी संस्थांकडे असतात आणि पाण्याची देखभालही त्याच करतात. आपल्या डोलकरांच्या खुंटांच्या रिवाजात आणि रापणीच्या वाट्यात हेच बीज आहे. त्याला कायद्याचे बळ मिळाले, तर नियम वरून लादलेला वाटणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. शेतकऱ्याला आपल्या बांधाचे राखण करता येते, मच्छीमाराला त्याच्या पाण्याचे करता आले पाहिजे.

आणि श्रोतेहो, आपण सगळे गिऱ्हाईक आहोत. तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आपण चार घेतो. ती चार पापलेटे अजून एकदाही न व्यालेली असू शकतात. बाजारातली कोळीण आपल्याला मासळी कुठली, आजची की बर्फातली, हे नेमके सांगते. तिला आणखी एक प्रश्न विचारा, मावशी, एवढे लहान कशाला आणता? सुरुवातीला ती हसेल, पण चार गिऱ्हाइकांनी विचारले की लिलावात बोली लावताना तिला तो प्रश्न आठवेल. लहान माशाला गिऱ्हाईक नाही असे जाळ्याच्या मालकाला एकदा कळले, की आस मोठा करायला त्याला कुणी अधिकाऱ्याने सांगावे लागणार नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)